पट १४, अंतर साडेतीन किलोमीटर: समूह शाळेला ठराव द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डोंगरातल्या वाडीवर जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा आहे. पट १४, शिक्षक दोन. शेजारच्या तीन वाड्यांचे पट १२, ११ आणि ९. या चारही शाळा साडेतीन किलोमीटरवरच्या ३८ पटाच्या केंद्रशाळेत मिळवून एकच ‘समूह शाळा’ करायचं घाटतं आहे. गाडी देऊ, प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक मिळेल, संगणक मिळतील असं सांगितलं जातं. शाळा व्यवस्थापन समितीने संमतीचा ठराव द्यावा का?

प्रस्ताव आज ज्या स्वरूपात आहे त्या स्वरूपात देऊ नका. पण ‘आमची शाळा बंद करू नका’ एवढ्यावर थांबूही नका, कारण १४ पटाच्या शाळेतल्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांचं उत्तर तुमच्याकडे हवं. माझं मत स्पष्ट आहे: पहिली ते चौथी वाडीवरच राहावी, सहावीपासून मुलं एकत्र यावीत, आणि पाचवीचा निर्णय रस्ता पाहून घ्यावा. सहा वर्षांच्या मुलाचं हित आणि बारा वर्षांच्या मुलाचं हित इथे एक नाही. सरसकट ‘वीसच्या आतल्या शाळा’ म्हटलं की हा फरकच पुसला जातो.

आधी वीसच्या आकड्याबद्दल. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. तेव्हाच्या आकडेवारीत अशा शाळा १४,७८३, त्यांतली मुलं सुमारे १ लाख ८५ हजार आणि शिक्षक २९,७०७ होते. म्हणजे शाळेमागे साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. तुमची वाडी अपवाद नाही, ती या यादीचा सरासरी नमुना आहे. त्याआधी २०१७ मध्ये दहाच्या आतल्या १,३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळांत हलवायचा निर्णय झाला होता. यातल्या अनेक शाळा मुळात वस्तीशाळा म्हणून उघडल्या. वस्ती लहान, गावची शाळा लांब, म्हणूनच त्या काढल्या. त्यांचा पट लहान असणं हे अपयश नाही, तो त्यांच्या जन्माचा दाखला आहे.

‘वीसच्या खाली गेली की शाळा बंद करायचा नियमच आहे’ हे तुम्हाला सांगितलं जाईल. महाराष्ट्राच्या २०११ च्या शिक्षण हक्क नियमांत वीसचा उल्लेख येतो तो शाळा उघडण्याच्या संदर्भात. पहिली ते पाचवीसाठी वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा हवी आणि ६ ते ११ वयाची किमान २० मुलं तिथे यायला तयार हवीत. सहावी ते आठवीसाठी हे अंतर तीन किलोमीटर. उघडण्याची अट उलटी फिरवून ती बंद करण्याची अट होत नाही, हे बैठकीत ठामपणे मांडा. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तर दरड, पूर, रस्त्याचा अभाव अशा ठिकाणी हे अंतर आणखी कमी करावं असं म्हटलं आहे.

मात्र त्याच नियमांत, जिथे शाळा नाही अशा छोट्या वस्त्यांसाठी मोफत वाहतूक किंवा निवासी सोय करावी असाही पर्याय आहे. सगळी विलीनीकरणं याच दारातून आत येतात. आणि न्यायालय नक्की थांबवेल असं धरून चालू नका. उत्तर प्रदेशात जून २०२५ मध्ये ५० पेक्षा कमी पटाच्या शाळा जोडायचा आदेश निघाला. ७ जुलैला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठात एकल पीठाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, तर २४ जुलैला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सीतापूर जिल्ह्यापुरती जैसे थे स्थिती ठेवायला सांगितली. एकाच महिन्यात दोन वेगळे निर्णय. त्यामुळे तुमच्या वाडीची मोजमापं तुमच्या हातात असणं जास्त मोलाचं आहे.

पहिलं मोजमाप पटाचं. संचमान्यता, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदं मंजूर करणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि त्यात आधार जुळलेली मुलंच धरली जातात. नावात एक अक्षर इकडचं तिकडे, जन्मतारखेत चूक, बोटांचे ठसे उमटत नाहीत अशा कारणांनी रोज वर्गात बसणारं मूल कागदावर नसतं. मुख्याध्यापकांकडून मुलांची यादी घ्या, आधार न जुळलेल्यांवर खूण करा आणि ही दुरुस्ती जुलै-ऑगस्टमध्येच उरका. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आधार केंद्रावर गर्दी असते आणि सर्व्हर बसलेला असतो. त्याचबरोबर अंगणवाडीतून पुढच्या तीन वर्षांत किती मुलं पहिलीत येणार तेही वयानुसार लिहून काढा. आज १४ आणि तीन वर्षांनी १७ असेल तर बोलणं एका तऱ्हेचं होतं; आज १४ आणि तीन वर्षांनी ६ असेल तर दुसऱ्या. सहा असतील तर ते स्वतःपासून लपवू नका.

दुसरं मोजमाप अंतराचं. प्रस्तावात लिहिलेलं अंतर बहुतेक वेळा या शाळेपासून त्या शाळेपर्यंतचं असतं, कधी नकाशावरचं सरळ रेषेतलं. मूल शाळेतून शाळेत जात नाही, घरून जातं. सर्वांत लांबच्या घरापासून, पायवाटेने आणि गाडीरस्त्याने असं दोन्ही अंतर मोजा. मोबाइलवर चालण्याची नोंद ठेवणारं कुठलंही साधन चालेल. पहिलीतलं मूल दप्तर घेऊन बरोबर चालू द्या आणि त्याच्या चालीने किती वेळ लागतो तो लिहा. सहा वर्षांचं मूल तासाला तीन किलोमीटरपेक्षा फार जास्त चालत नाही, म्हणजे साडेतीन किलोमीटरला सव्वा तासाच्या आसपास. वाटेतला ओढा, साकव, कॉजवे, दरडीची जागा यांचे फोटो जुलैमध्ये काढा. मे महिन्यात अधिकारी पाहणीला येतात तेव्हा तो ओढा कोरडा असतो आणि अहवालात ‘रस्ता सुस्थितीत’ असं जातं.

आता गाडी. विलीनीकरण सगळ्यात जास्त वेळा फसतं ते इथे, म्हणून इथे जरा थांबतो. समग्र शिक्षा अभियानात वाहतूक भत्त्याची मर्यादा मुलामागे वर्षाला ६,००० रुपये आहे, दहा महिने धरले तर महिना ६००. तुमच्या १४ मुलांचे महिन्याला ८,४०० होतात. एवढ्यावर एका वाडीसाठी स्वतंत्र गाडी कोणी लावत नाही, म्हणून चार वाड्या मिळून एक गाडी ठरते: ४६ मुलं, २७,६०० रुपये. त्यातून चालकाचा पगार, डिझेल, विमा, पासिंग आणि कर्जाचा हप्ता भागवायचा.

सोळा मुलांची गाडी धरली तर ४६ मुलांना तीन फेऱ्या. सगळ्या वाड्या तुमच्याइतक्याच लांब आहेत असं समजू. घाटरस्त्यावर एका बाजूला दहा मिनिटं, मुलं चढवायला पाच, परत दहा, म्हणजे फेरी पंचवीस मिनिटांची. परिपाठापूर्वी सव्वादहाला सगळी मुलं पोचवायची तर पहिली फेरी नऊला निघाली पाहिजे. त्या फेरीतली मुलं ९:२५ ला शाळेच्या दारात असतात, तेव्हा कुलूप असतं. संध्याकाळी पाचला सुटल्यावर तिसरी फेरी ५:५० ला निघते आणि सहाला वाडीवर पोचते. डिसेंबरात सूर्य साधारण त्याच सुमारास मावळतो. रस्त्यापासून घर पंधरा मिनिटं आत असेल तर सहा-सात वर्षांचं मूल अंधारात घरी येतं. आणि सकाळी सर्वांत आधी निघणारी वाडीच संध्याकाळी शेवटी राहू नये, हे कोणीतरी वेळापत्रकात लिहून ठेवलं नाही तर चालक त्याच्या सोयीने ठरवतो.

यात मोडतं काय काय, तेही आधीच जाणून घ्या. भत्ता हप्त्याहप्त्याने येतो. तीन महिने पैसे थकले की गाडी एक दिवसाआड यायला लागते, मग बंद पडते. पालक चार दिवस दुचाकीवर सोडतात, पाचव्या दिवशी शेतात काम निघतं आणि मूल घरी राहतं. हजेरीपटावर हे ‘गैरहजर’ एवढंच दिसतं, गाडी आली नव्हती हे कुठेच दिसत नाही. गाडी खासगी वडाप असेल तर त्यात सोळाच्या जागी पंचवीस मुलं बसतात. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असायला हवी आणि गाडीत मुलांकडे पाहणारा मदतनीस हवा. मदतनीस वाडीतलीच बाई असावी, असा आग्रह धरा. तिचं मानधन त्या २७,६०० मध्ये बसत नाही, म्हणून ते कोणत्या निधीतून येणार हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत पुढच्या मुद्द्यावर जाऊ नका.

वर्गाला एक शिक्षक, या आश्वासनाचाही हिशोब करून पाहा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार आणि १२१ पासून पाच. तुमच्या चार वाड्यांची ४६ आणि केंद्रशाळेची ३८ मिळून ८४ मुलं होतात. या निकषाने पदं तीन. आज या पाच शाळांत मिळून दहा शिक्षक आहेत, एकत्र आल्यावर ८४ मुलांना तीन मिळतील आणि सात अतिरिक्त ठरतील. पाच वर्ग, तीन शिक्षक. ज्या बहुवर्ग अध्यापनातून (एकाच शिक्षकाने एका वेळी अनेक वर्ग शिकवण्यातून) सुटका म्हणून हे चाललं आहे ते तिथेही राहणारच, फक्त गट मोठे होतील. पाच शिक्षक हवे असतील तर विलीनीकरणाच्या आदेशातच निकषापलीकडची दोन पदं मंजूर असल्याचं वाक्य हवं. तोंडी आश्वासन पुढच्या संचमान्यतेत टिकत नाही.

पैशांचंही असंच. समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान ३० पटापर्यंत १०,००० रुपये आणि त्यापुढे १०० पर्यंत २५,०००. आज चार वाड्यांचे ४०,००० आणि केंद्रशाळेचे २५,००० मिळून ६५,००० येतात. ८४ पटाची एकच शाळा झाली की २५,०००. स्वयंपाकी मदतनीस २५ मुलांपर्यंत एक आणि १०० पर्यंत दोन असा निकष आहे, केंद्रशाळेत दोन आधीच आहेत. म्हणजे चार वाड्यांतल्या चार बायकांचं मानधनाचं काम जातं. विलीनीकरणाच्या टिपणीत हे आकडे कधी नसतात.

एवढं सगळं विरोधात लिहिल्यावर दुसरी बाजूही तितक्याच गंभीरपणे घ्यायला हवी. तिसरीत एकच मुलगी असेल तर तिला गप्पा मारायला, भांडायला, वाचून दाखवायला बरोबरीचं कोणी नसतं. कबड्डीला एका बाजूला सात लागतात. १४ मुलांत पहिलीपासून पाचवीपर्यंत सगळी उतरवली तरच दोन संघ होतात. दोन शिक्षक असले तरी एक प्रशिक्षणाला, एक रजेवर किंवा निवडणुकीच्या कामाला असं होतं आणि शाळा स्वयंपाकीण ताई सांभाळतात. ‘आमची शाळा चांगली आहे’ असं म्हणण्याआधी मागच्या वर्षीची शिक्षक हालचाल नोंदवही पाहा. दोन्ही शिक्षक हजर असलेले दिवस, एकच हजर असलेले दिवस आणि एकही नसलेले दिवस असे तीन आकडे काढा. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षात २०० दिवस शाळा भरली पाहिजे. त्यातले साठ-सत्तर दिवस एकशिक्षकी गेले असतील तर तुमची खरी तक्रार तिथे आहे आणि ती आधी सोडवायला हवी.

सहावीच्या पुढे तर माझ्या मते लहान शाळेचा आग्रह धरू नये. त्या टप्प्यावर विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांना वेगळे शिक्षक हवेत हे कायद्याचं परिशिष्टच सांगतं. आठ मुलांच्या सहावी-सातवीला ते कुठेही मिळत नाहीत. बारा वर्षांचं मूल सायकलवर किंवा एसटीने तीन-चार किलोमीटर जाऊ शकतं. मुलींच्या बाबतीत मात्र या वयात गाडीची वेळ, शाळेतलं पाण्यासह चालू स्वच्छतागृह आणि पाळीच्या दिवसांतली सोय नसेल, तर पहिलं नाव त्यांचंच कमी होतं. ही सोय आधी पाहून मगच होकार द्यायचा.

लहान वर्गांचं तसं नाही. दोन शिक्षक खरोखर हजर असतील तर १४ मुलांची बहुवर्ग शाळा उत्तम चालते. खोलीत जमिनीपासून दोन-अडीच फूट उंचीचा फळा भिंतभर रंगवलेला असतो. पहिलीतली दोघं बाजरीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधत असतात, पलीकडच्या भिंतीवर तिसरीची मुलं हातच्याची बेरीज मांडतात. तिसरीतला एकजण येऊन गठ्ठे मोजतो, एकात अकरा काड्या निघतात, तो उलगडून परत बांधून दाखवतो. हातचा म्हणजे काय हे त्या क्षणी दोघांनाही कळलेलं असतं. बाई दर वीस मिनिटांनी गट बदलतात. पहिली-दुसरी एका शिक्षकाकडे, तिसरी ते पाचवी दुसऱ्याकडे, ही वाटणी वर्षभर पक्की ठेवली तर हे जमतं. दर महिन्याला वाटणी बदलली की मोडतं.

चीनने २००१ पासून खेड्यांतल्या छोट्या शाळा एकत्र करण्याचा मोठा कार्यक्रम चालवला आणि २०१२ मध्ये त्यांच्या मध्यवर्ती सरकारनेच तो थांबवायला सांगितलं. लांबचा प्रवास आणि कोवळ्या वयात वसतिगृह, हीच तिथलीही दुखरी जागा होती. आपल्याकडे शिक्षण आयुक्तालयाच्या २०२३ च्या पत्रात नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्यातलं पानशेत ही समूह शाळांची उदाहरणं दिली होती. पानशेतसारख्या ठिकाणी कंपन्यांच्या सामाजिक निधीतून इमारत आणि बस उभी राहते. तुमच्याकडे असा दाता असेल तर एवढंच विचारा: निधीचा करार किती वर्षांचा, आणि तो संपल्यावर बस कोण चालवणार?

मग वाडीने प्रतिप्रस्ताव कोणता द्यावा? ‘शाळासंकुल’ ही कल्पना कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये मांडली आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती पुन्हा घेतली: एक माध्यमिक शाळा आणि भोवतालच्या पाच ते दहा किलोमीटरमधल्या शाळा यांनी शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडासाहित्य वाटून वापरायचं. त्याच धोरणात शाळांच्या सुसूत्रीकरणाचाही शब्द आहे आणि बैठकीत तोच वाचून दाखवला जातो. तुम्ही शाळासंकुलाचा भाग वाचून दाखवा आणि त्याला आकार द्या. पहिली ते चौथी आपापल्या वाडीवर. आठवड्यातून एक दिवस, शनिवार सोयीचा, चारही वाड्यांची मुलं केंद्रशाळेत: खेळ, प्रयोग, वाचनालय, समवयस्कांचे गट. गाडी आठवड्याला एकदाच लागते. इंग्रजी, कला आणि खेळ यांसाठी एक शिक्षक चार वाड्यांत फिरता. एक शिक्षक रजेवर गेला की केंद्रातून बदली शिक्षक त्याच दिवशी, आणि त्याची जबाबदारी केंद्रप्रमुखांवर नावानिशी.

यावर प्रशासन तयार झालं नाही आणि विलीनीकरण होणारच असं दिसलं, तर कोरी संमती न देता अटींसह ठराव द्या. आधी शाळा व्यवस्थापन समितीत, मग ग्रामसभेत. पहिलं वर्ष प्रायोगिक आणि त्या काळात वाडीच्या शाळेचा अकरा अंकी युडायस क्रमांक (सरकारी नोंदीतली शाळेची ओळख) बंद करायचा नाही, ही अट सर्वांत वर ठेवा. क्रमांक एकदा गेला की शाळा पुन्हा उघडणं म्हणजे नवी शाळा मंजूर करून घेणं. गाडीचा करार, फेऱ्यांच्या वेळा, मदतनीस आणि तीन महिन्यांचा भत्ता आगाऊ जमा, हे शाळा हलण्याआधी. पावसाने रस्ता बंद झाल्यास त्या दिवसांत वाडीच्याच खोलीत वर्ग. सकाळी नऊपासून आणि संध्याकाळी शेवटची फेरी निघेपर्यंत शाळेत एक जबाबदार माणूस. एकत्र शाळेच्या व्यवस्थापन समितीत प्रत्येक वाडीचा किमान एक पालक. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यातच. रिकामी इमारत अंगणवाडी, अभ्यासिका किंवा वाचनालयासाठी वाडीकडेच राहावी. जागा कोणी बक्षीसपत्राने दिली असेल तर सातबारा आणि बक्षीसपत्रातली अट आत्ताच काढून पाहा.

वाडीवरून कुटुंबं ऊसतोडीला जात असतील तर आणखी एक अट लागते. मागे राहणाऱ्या मुलांची हंगामी वसतिगृहं शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतात. शाळाच हलली तर आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुलाला तो आधार कुठे मिळणार, हे ठरल्याशिवाय दसऱ्यानंतर मूल कोयत्याबरोबर फडात जाईल. म्हणून हंगामी सोय वाडीवरच चालू राहील असं लिहून घ्या.

ठरावाच्या प्रती गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी प्राथमिक आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांना देऊन पोच घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि पटला नाही तर बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. तक्रारीत भावनेपेक्षा मोजमापं घाला: घरापासूनचं अंतर, मुलाच्या चालीचा वेळ, ओढ्याचे तारीखवार फोटो.

शाळा हललीच, तर पहिल्या दिवसापासून वाडीवर एक साधी वही ठेवा. तारीख, गाडी किती वाजता आली, किती मुलं चढली, कोण राहिलं आणि का, संध्याकाळी शेवटचं मूल किती वाजता उतरलं. रोज दोन ओळी, आणि दर शनिवारी समितीच्या दोन सदस्यांच्या सह्या. पूर्वी वाडीवर १४ पैकी १२-१३ मुलं रोज येत असतील आणि सहा आठवड्यांनी गाडीत ९ चढत असतील, तर प्रायोगिक वर्ष संपायची वाट पाहू नका. ती वही घेऊन शाळा परत मागायला जा.